मधुमेही श्रमिकांची भाकरी
(मंडळाच्या मलकापूर येथील मेळाव्यात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. सरकारी दवाखान्यात औषधाच्या खिडकीवर बसून नोकरी संपविलेला माणूस आहे. त्यामुळे मोठे शास्त्र सांगण्याचा माझा अधिकार नाही. परंतु खिडकीतून माणसांचे हात रोज दिसतात, आणि हातावरून पुष्कळ कळते.

अनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. निंदणाला जाणारी एक बाई साखरेच्या गोळ्या न्यायला येत असे. एके दिवशी तिने मला विचारले, "भाऊ, गोयी जेवनाच्या आंधी घ्या म्हन्ता, पन जेवनच नसन त कशी घेऊ?" मागे रांग मोठी होती. मी म्हणालो, "बाई, चिठ्ठीवर लिहिलं तसं घे." तिने ऐकले. पंधरा दिवसांनी तिला शेतातून बैलगाडीत घालून आणले. अंगाला घाम, दातखिळी बसलेली, शुद्ध नाही. घरच्यांना वाटले साखर वाढली. वास्तविक ती खाली गेली होती. सलाईनमधून ग्लुकोज दिल्यावर बाई उठून बसली, म्हणून आज ही गोष्ट सांगू शकतो. चूक माझी होती. तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि नाही हे मी कबूल केले नाही.

मित्रहो, ग्लिमेपिराईडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेतल्यावर पोटात अन्न पडले नाही, तर रक्तातील साखर एकदम उतरते. हातपाय थरथरतात, भोवळ येते, माणूस बरळू लागतो. दारू प्यायला आहे असे समजून लोक बाजूला होतात. अशा वेळी तो शुद्धीवर असेल तर तीन लहान चमचे साखर पाण्यात घोळून ताबडतोब पाजावी आणि पंधरा मिनिटे थांबून पुन्हा पाहावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट दवाखाना गाठावा. विद्यार्थ्यांनी एवढे जरी पाठ केले तरी माझे इथे येणे वाया गेले नाही.

ही अडचण आपल्याच वऱ्हाडात आहे असे समजू नका. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशात, कॅलिफोर्निया राज्यातील दवाखान्यांच्या नोंदींचा एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. गरीब वस्तीतील लोक साखर उतरून दवाखान्यात भरती होण्याचे प्रमाण महिन्याच्या पहिल्या आठवड्यापेक्षा शेवटच्या आठवड्यात २७ टक्क्यांनी जास्त आढळले. श्रीमंतांत असा फरक नव्हता. शेवटच्या आठवड्यात काय होते हे कपास मार्केटच्या हमालाला विचारा; तो अभ्यास न वाचता सांगेल.

आता कोणी म्हणेल, साखरेचा आजार हा खाऊनपिऊन सुखी माणसाचा, आपल्याकडे कुठला? हा समज आता टिकत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली आले. देशात १० कोटींहून अधिक मधुमेही. त्याच पाहणीच्या २०१७ सालच्या अहवालात असे दिसले होते की, पुढारलेल्या राज्यांच्या शहरांत गरीब थरातच हा आजार अधिक आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील मातांचा व बालकांचा अभ्यास केला. आईच्या पोटात उपाशी वाढलेले मूल वजनाने लहान असते, पण त्याच्या अंगी स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने जास्त असते. असे मूल पुढे मधुमेहाकडे लवकर झुकते. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या उपासमारीत गर्भात असलेली मुले मोठी झाल्यावरही साखरेचा असाच बिघाड आढळला. १९७२ च्या दुष्काळात आपल्या आयांनी खडी फोडली, मिलो खाल्ला. तेव्हा ज्यांना पोटात घेऊन त्या कामावर गेल्या, ते आज पन्नाशी ओलांडून या सभामंडपात बसले आहेत. त्यांनी रक्त तपासून घ्यावे, एवढेच म्हणतो.

बाबासाहेबांनाही मधुमेह होता, हे आपण सर्व जाणता. १९४८ पासून माईसाहेब, ज्या स्वतः डॉक्टर होत्या, त्यांचे पथ्यपाणी पाहत. घरातच डॉक्टर असूनही त्या देहाला किती झुंजावे लागले! आपल्या वस्तीतल्या माणसाला पथ्य सांभाळणारे कोण आहे?

पथ्य सांगणे सोपे आहे. "भात कमी करा, डाळी वाढवा, पालेभाजी खा." परंतु रेशनवर मिळते काय? अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य; जानेवारी २०२३ पासून ते मोफत झाले. ही मोठीच गोष्ट आहे, तिला नावे ठेवणारा मी नाही. पण ते तांदूळ आणि गहू. दरमहा डाळ नाही. २०२३ साली गुढीपाडवा व बाबासाहेबांच्या जयंतीनिमित्त आनंदाचा शिधा वाटला गेला. त्यात एक किलो चणाडाळ होती, हे चांगले. सोबत एक किलो साखर आणि एक किलो रवाही होता. पिशवीचे वाटप घरामागे, त्यात घरातल्या रोग्याची गणती कुठून असणार?

क्षयरोग्याला सरकार पोषणासाठी पैसे देते. २०१८ पासून दरमहा ५०० रुपये, आणि नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये. मधुमेही माणसाला असे काही मिळत नाही. आणि मधुमेह असलेल्याला क्षय होण्याचा धोका दुप्पट-तिप्पट असतो! म्हणजे क्षय झाला की मदत, तोवर नाही. हा हिशेब मला कधी समजला नाही.

काही जण म्हणतात, ज्वारीची भाकरी खा, साखर पळते. पळत नाही. चार भाकरी खाल्ल्या तर ज्वारीनेही साखर वाढते. मात्र दीड-दोन भाकरी, सोबत घट्ट वरण किंवा मुगाची उसळ, आणि अंबाडी, चिवळ, तरोटा यांपैकी हंगामाची भाजी, असे ताट आपल्या भागात खर्चाने सर्वांत हलके. कळण्याची भाकरी आपल्या आज्या करीत, तिच्यात उडीद असतोच. अडचण अशी की शिवारात सोयाबीन आणि कपाशी झाली, ज्वारी विकत आणावी लागते, आणि फुकटच्या तांदळासमोर ती महाग पडते. कारल्याच्या रसावर आणि काढ्यांवर मात्र पैसे घालवू नका. औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे. हमालभावांना एक विनंती: दिवसाला सहा कप चहा, कपाला दोन चमचे साखर, म्हणजे जवळजवळ ६० ग्रॅम साखर नुसत्या चहातून जाते.

उपोसथाबद्दलही बोलले पाहिजे. पौर्णिमेला अष्टशील घेऊन दुपारनंतर न जेवणाऱ्या आपल्या माता गोळी मात्र घेतात. हे धोक्याचे आहे. विनयामध्ये आजारी भिक्खूला दुपारनंतरही तूप, लोणी, तेल, मध, गूळ औषध म्हणून घेण्याची मुभा आहे. आळवी नगरीत भुकेल्या शेतकऱ्याला आधी जेवू घालून मगच भगवंतांनी उपदेश केला, ही कथा आपण दरवर्षी ऐकतो. तेव्हा आजारी मातांनी पंचशील पाळावे, जेवण सोडू नये. आणि सोडायचेच असेल तर डॉक्टरांना आधी विचारावे.

आता मंडळापुढे माझी सूचना. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे ८५ ग्रॅम डाळ-कडधान्य लागते, म्हणजे महिन्याला अडीच किलो. पहिल्या वर्षी आपण २५ गरजू मधुमेही निवडू. प्रत्येकी अडीच किलो म्हटल्यास एकूण साडेबासष्ट किलो मूग, मटकी, चणा, तूरडाळ झाली. ही पिशवी महिन्याच्या २० तारखेला द्यावी, १ तारखेला नव्हे. कारण चूल थंडावते ती शेवटच्या दहा दिवसांत. पिशवी घरच्या एकाच पातेल्यात जाणार, आणि घरातली बाई सर्वांत शेवटी जेवणार, हे मला ठाऊक आहे. म्हणून आजारी जर ती असेल तर एक किलो जादा द्यावे आणि तिच्या नवऱ्याला समोर बसवून सांगावे. ज्यांच्या किडनीला इजा झाली आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच डाळ वाढवावी. खर्चाचे म्हणाल तर जयंतीच्या बुंदीचे पातेले थोडे लहान करू. बुद्ध पौर्णिमेचे खीरदान जरूर व्हावे, पण शेजारी फुटाण्यांचे एक घमेले ठेवा. साखर असलेला माणूस नाही म्हणायला लाजतो आणि खीर घेतो.

पिशव्या पोचविण्याचे काम विद्यार्थ्यांनी घ्यावे. दर घरी एकच प्रश्न विचारायचा: काल रात्री जेवण झाले होते का? उत्तर वहीत लिहायचे. ती वही दर महिन्याला मी पाहीन, आणि गरज पडेल त्याला दवाखान्यात घेऊन जाईन. कार्यक्रम संपल्यावर मी विहाराच्या दारापाशी वही घेऊन बसणार आहे. ज्यांच्या घरी असा रोगी आहे त्यांनी नाव सांगावे, आणि ज्यांना सायकल आहे त्यांनीही.

जय भीम!