मोजून जा, मोजून या

(महोत्सवी वर्षांत आपल्या धर्मग्रामाचा तरुण संघ माउंट मेरीच्या यात्रेसाठीं मुंबईस निघाला, त्याच्या आदल्या संध्याकाळीं केलेलें भाषण)



प्रवासास निघणाऱ्यांस चार शब्द सांगण्याचा अधिकार वडिलांचा, असें आपण मानतों. मला तो वयानें मिळाला आहे, गुणानें नव्हे. कारण जें मी आज सांगणार आहें, तें माझ्याच हातून घडलेल्या एका चुकीनें मला शिकविलें आहे.

मुंबई आपणांस परकी नाहीं. १८६५ सालीं आगगाडी थळ घाट चढून इगतपुरीस आली, तेव्हांपासून आपल्या जिल्ह्याची वाट त्या शहरास जोडली गेली. आपलें जाणें-येणेंही दुतर्फा आहे. फेब्रुवारींत बाळ येशूच्या यात्रेसाठीं मुंबईकर भाविक नाशिकरोडास येतात. आणि ८ सप्टेंबर हा मरियामातेचा जन्मदिन झाला कीं पुढच्या रविवारापासून आठवडाभर वांद्र्याच्या टेकडीवर जी यात्रा भरते, तीस आपण जातों. तेथें तुम्ही पाहाल कीं, कोणी मेणाचा हात, कोणी मेणाचा पाय, कोणी मेणाचें चिमुकलें घर मातेपुढें ठेवीत आहे. आणि ठेवणारांत केवळ ख्रिस्ती नाहींत, हिंदु आहेत, पारशी आहेत, मुसलमानही आहेत. दुःखास जात नसते, हें त्या पायऱ्यांवर जसें कळतें तसें पुस्तकांत कळत नाहीं.

त्याच पायऱ्यांपाशीं माझी चूक घडली. कित्येक वर्षांपूर्वीं मी असाच एकतीस मुलामुलींचा संघ घेऊन गेलों होतों. चुकलेल्यांस ओळखीची खूण असावी म्हणून एका मुलास मी पायऱ्यांच्या तळाशीं उभें केलें आणि सांगितलें, “सर्वांनीं येथेंच जमावयाचें आहे, तूं जागा सोडूं नकोस.” पुढें गर्दी वाढली, आम्हीं जमण्याची जागा बदलली. सर्वांस निरोप पोंचला. त्या एकास मात्र कोणी सांगितलें नाहीं. दादर स्टेशनावर मोजणी केली तों तीसच! पुढच्यांस वाटलें तो मागच्यांत आहे. मागच्यांस वाटलें तो पुढें गेला. मी धांवत परत गेलों. रात्र झाली होती, दुकानें आवरलीं जात होतीं, आणि तो पोर तेथेंच उभा होता. मला पाहून तो रडला नाहीं, रागावलाही नाहीं. एवढेंच म्हणाला, “तुम्हीं येथेंच थांब म्हणून सांगितलें होतें, म्हणून थांबलों.”

मित्रांनो, हरवला होता कोण? तो कीं आम्ही?

संत लूकच्या शुभवर्तमानांत असाच प्रसंग आहे. बारा वर्षांचा येशू वल्हांडणाच्या सणास यरुशलेमेस गेला, आणि परततांना तो सोबत्यांच्या मेळ्यांत असेल असें समजून मरिया व योसेफ एक दिवसाची मजल चालून गेलीं. पवित्र कुटुंबावरही जो प्रसंग आला, तो आपणांवर येणार नाहीं असें कोणीं समजावें? “असेल कोणाबरोबर तरी,” या तीन शब्दांत माणूस हरवतो. पण तीं दोघें मागें फिरलीं, आणि तिसऱ्या दिवशीं मंदिरांत तो त्यांस सांपडेपर्यंत तीं थांबलीं नाहींत, हेंही ध्यानांत धरा.

सोबत्यास न सोडण्याचा धडा आपल्या नाशकासही अपरिचित नाहीं. शरणपूरच्या मिशनशाळेंत गुलामगिरींतून सोडविलेलीं आफ्रिकन मुलें शिकत असत. ती शाळा आपल्या पंथाची नव्हती. तरी चांगुलपणा जेथें दिसेल तेथें नमस्कार करावा. त्यांतील जेकब वेनराइट हा तरुण पुढें डॉ. लिव्हिंग्स्टन यांच्या शोधप्रवासांत सामील झाला. १८७३ सालीं आफ्रिकेच्या अंतर्भागांत लिव्हिंग्स्टन वारले. तेव्हां सुसी, चुमा, जेकब आणि त्यांचे सोबती यांनीं त्यांचा देह तेथेंच सोडला नाहीं. महिनेच्या महिने वाट तुडवीत तो समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून आणिला. १८७४ सालीं लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबींत दफनविधि झाला, त्या वेळीं शवपेटीबरोबर चालणारांत हा नाशकांत शिकलेला जेकब होता.

आतां मूळ गोष्टीकडे वळतों. पायऱ्यांपाशीं उभा राहिलेला तो मुलगा मोठा झाला आणि चाकरीसाठीं मुंबईसच गेला. आरंभीं नाताळास येत असे. पुढें आईवडील निवर्तले, घर विकलें गेलें, येणें थांबलें. या महोत्सवाचीं निमंत्रणें लिहितांना मीं त्याचें नांव यादींत घातलें, आणि पत्त्याच्या जागीं लेखणी थांबली. पत्ता कोणापाशींच नव्हता. एकाकडे विचारलें, तर तो म्हणाला, “असेल तिकडे कोणाबरोबर तरी.” तेच शब्द! दुसऱ्यांदा आम्हीं त्यास उभें करून निघून आलों. आणि तो एकटा नाहीं. आपल्याच वेदीपाशीं ज्यांचा बाप्तिस्मा झाला, अशीं किती कुटुंबें त्या शहरांत आहेत, याची मोजणी आपण केव्हांच सोडून दिली आहे.

१९६४ सालीं मुंबईंत आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषद भरली आणि पोप सहावे पॉल २ डिसेंबर रोजीं तेथें आले. तेव्हां आपला नाशिक धर्मप्रांत स्वतंत्र नव्हता. तो १९८७ सालीं झाला. लाखोंचा जनसमुदाय पोपमहाशयांच्या दर्शनास लोटला होता. त्या गर्दींत त्यांस आठवले ते मागें राहिलेले लोक. शस्त्रांवर खर्च होणाऱ्या पैशाचा कांहीं भाग दरिद्री जनांच्या निधीस द्यावा, अशी विनंति त्यांनीं मुंबईहूनच सर्व राष्ट्रांस केली. गर्दी पाहणें सोपें आहे; गर्दींत जो दिसत नाहीं त्यास पाहणें, हीच ख्रिस्ती दृष्टि होय.

म्हणून माझें मागणें एवढेंच. समुद्र पाहा, गेटवे पाहा, उंच इमारतीही पाहा. त्यांत पाप नाहीं. परंतु एक दुपार राखून ठेवा. मीं आपल्या माणसांचीं जीं नांवें आठवून लिहिलीं आहेत, तो कागद तुमच्या पुढाऱ्याच्या हातीं देत आहें. एकाचा पत्ता लागला तर तो दुसऱ्याचा सांगेल. दारांत उभे राहून उपदेश करूं नका. म्हणा, “आम्ही नाशिकहून आलों, तुमची आठवण काढतात, महोत्सवाची मिस्सा आहे, या.” आणि तो माझा मुलगा भेटलाच, तर त्यास सांगा कीं जमण्याची जागा बदललेली नाहीं, आणि निरोप पोंचविण्यास उशीर झाला तो माझ्यामुळें.

उद्यां पहाटे मी देवळाच्या दारांत उभा राहून तुम्हांस मोजीन. परत याल तेव्हां पुन्हां मोजीन. देवकृपेनें दुसरी मोजणी पहिलीहून मोठी निघो. मरियामाता तुम्हां सर्वांस सांभाळो.