जागल्या की घरभेदी?
(छावणी येथील सभेत एका खेड्यातील मास्तरांनी केलेले भाषण)



पूर्वी गावोगाव जागल्या असे. गाव निजले की तो आरोळ्या देत फिरे. चोर त्यास शिव्या देई, ते समजते. पण झोपमोड झाली म्हणून आपणही त्याच्यावर खेकसत असू! आज सरकारी दप्तरातील लबाडी बाहेर सांगणाऱ्या माणसास वर्तमानपत्रे जागल्याच म्हणतात. त्याचे नशीबही तेच. कोणी त्याला हार घालतो, कोणी घरभेदी म्हणतो. माझे म्हणणे, ही दोन्ही आळशाची कामे आहेत. छावणीच्या गुरुवारच्या बाजारात बैल घेताना आपण धन्याचा फेटा पाहत नाही; बैलाचे दात पाहतो, त्याला चार पावले चालवून पाहतो. जागल्याचा कागदही तसाच पारखावा.

कोल्हापूरचे प्रकरण घ्या. तेथील छत्रपती चौथे शिवाजी महाराज वेडे नसून कारभारी त्यांचा छळ करतात, असे ‘केसरी’ व ‘मराठा’ पत्रांनी छापले आणि दिवाण बर्वे यांच्यावर आरोप करणारी पत्रे पुढे आणली. ती पत्रे कोर्टात बनावट ठरली. 1882 साली आगरकर आणि टिळक यांस चार महिन्यांची शिक्षा झाली. पैकी 101 दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. पुढे डिसेंबर 1883 मध्ये ते तरुण महाराज अहमदनगरास गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीत वारले. म्हणजे काळजी खोटी नव्हती, कागद खोटा होता. खोट्या कागदाने खरे गाऱ्हाणे बुडविले!

त्याच खटल्यात जोतीराव फुल्यांच्या शब्दावरून सत्यशोधक रामशेठ उरवणे दहा हजार रुपयांस जामीन राहिले. या संपादकांची व सत्यशोधकांची मते पुष्कळ ठिकाणी जुळत नव्हती. तरी जुलुमाविरुद्ध बोलणारा माणूस एकटा पडू नये, एवढे त्यांनी पाहिले.

आता आपल्या पाण्याची गोष्ट. 2012 साली जलसंपदा खात्यातील मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी मुख्यमंत्र्यांस व राज्यपालांस पत्र लिहून फुगविलेली अंदाजपत्रके आणि निकृष्ट कामे यांचा पाढा वाचला. खाली सही स्वतःची केली. त्याच वर्षीच्या राज्याच्या आर्थिक पाहणीत, दहा वर्षांत भिजणाऱ्या जमिनीचा वाटा 17.8 टक्क्यांवरून अवघा 17.9 टक्क्यांवर गेल्याचा आकडा होता. खर्च मात्र सुमारे 70,000 कोटींचा सांगत. सरकारने श्वेतपत्रिका काढली, आकडा निराळा मांडला. मग माधवराव चितळे यांची समिती बसली. 2014 च्या अहवालात तिने प्रकल्पांच्या मंजुरीतील व खर्चवाढीतील अनियमितता नोंदविल्या. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या. सारे सिद्ध झाले असे मी म्हणत नाही. पण सही केलेल्या कागदामुळे सरकारास हिशेब मांडावा लागला, हे थोडे नव्हे.

कोणी म्हणेल, नोकराने खाल्ल्या मिठाला जागावे. मी विचारतो, मीठ कोणाचे? मंत्र्याचे की रयतेचे? काडेपेटी घेतली तरी कर भरणाऱ्या तुमच्या पैशातून तो पगार निघतो. मग तो साहेबाची चोरी झाकून इमानी ठरतो, की तुम्हांस सांगून?

मात्र जागण्याची किंमत मोठी आहे. मावळात तळेगाव दाभाडे येथे सतीश शेट्टी माहितीच्या अधिकाराने जमिनींचे गैरव्यवहार उघड करीत. त्यांनी पोलिसांकडे संरक्षण मागितले होते. 13 जानेवारी 2010 रोजी सकाळी फिरावयास गेले असता त्यांचा खून झाला. आता आपण त्यांस हुतात्मा म्हणतो. जिवंतपणी किती जण सोबत चालत होते? 2014 साली संसदेने जागल्यांच्या रक्षणाचा कायदा केला. पुढील दहा वर्षे तो अंमलात आला नाही!

म्हणून बंधूंनो, गावात रस्त्याचा, विहिरीचा, रेशनचा हिशेब कोणी मागितला, तर त्याची जात विचारू नका, पक्ष विचारू नका. कागद मागा. स्वतः वाचता येत नसेल तर शाळेत शिकणाऱ्या लेकीकडून वाचून घ्या. खोटा निघाला तर चारचौघांत तसे सांगा. खरा निघाला तर अर्जावर त्याच्या सहीखाली आपलाही अंगठा उठवा. एका सहीवाल्याला गाठणे सोपे असते. शंभर अंगठ्यांना कोण गाठणार?

हार घालणारे पुष्कळ मिळतात. जामीन राहणारे हवे आहेत.