गाडीचा भाव कोण ठरवतो?



पहिल्या वेचणीचा कापूस विकला की पोरगं मोटारसायकलीचा हट्ट धरतं. कापसाचा भाव व्यापारी सांगतो, गाडीचा भाव शोरूमवाला सांगतो. आपण दोन्हीकडे मान डोलावतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. तरी 'ऑन रोड' म्हणून एकच आकडा सांगितला, तर त्याची फोड मागा. एक्स-शोरूम किंमत, रोड टॅक्स, नोंदणी, विमा. त्यात 'हँडलिंग' दिसलं तर समजा, ही बाजारातली हमालीच. फक्त इथं पोतं कुणी उचलत नाही. अशी कुठलीही सरकारी फी नाही. नव्या गाडीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, पण तो शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही.

खरी मेख कर्जात आहे. '१० टक्के फ्लॅट' म्हणतात. ६०,००० रुपये, ३ वर्षं. व्याज १८,०००, हप्ता २,१६७. मुद्दल दरमहा फिटत जातं, व्याज मात्र शेवटपर्यंत पुऱ्या ६०,०००वर! घटत्या शिलकीच्या हिशेबानं हा दर सुमारे १८ टक्के पडतो. पीक वर्षातून एकदा, हप्ता बारा वेळा. निंदणी-डवरणीच्या दिवसांत तो कुठून भरणार, हे सही करण्याआधी घरधनिणीला विचारा. हिशेब तिच्यापाशी असतो.

कर्ज फिटलं की एनओसी आणि फॉर्म ३५ मागून घ्या आणि आरटीओच्या नोंदीतला बोजा उतरवा, सातबाऱ्यावरचा उतरवतो तसा.