जागल



मला बोलायला पाच मिनिटं मिळाली आहेत. संयोजक म्हणाले, आयटीबद्दल बोल. मी न झोपण्याबद्दल बोलणार आहे. माझ्या नोकरीत दोन्ही एकच.

आमचं काम मेक्सिकोतल्या लोकांसाठी चालतं. तिथे सकाळचे १० वाजतात, तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेनऊ. रात्री बोलून बोलून थोडी स्पॅनिश कानावर बसली. रात्र जागून काढायला त्यांचा शब्द आहे ‘त्रासनोचार’. त्यातला त्रास आपल्याला न शिकवताच कळतो! आपला डोळ्याला डोळा लागत नाही, त्यांचा डोळा ‘चिकटत’ नाही: ‘नो पेगार ओहो’. आपण रात्रीचा दिवस करतो, त्यांची अख्खी रात्र ‘पांढरी’ जाते.

मला सगळ्यात आवडला तो ‘देसवेलारसे’. म्हणजे झोप मोडणं, जागणं. पण कुणासाठी तरी जिवापाड झटणं, असाही त्याचा अर्थ होतो. आपलं ‘डोळ्यात तेल घालून’ त्याच्या जवळ जातं. आणि आपल्या बुलडाण्याचा शब्द तर त्याहून जवळचा: जागल.

नववीत सरांनी प्रत्येकाला वडिलांचा व्यवसाय विचारला होता. मी ‘शेती’ म्हणाले. ते अर्धंच खरं होतं. आमची दोन एकर कोरडवाहू. हरभरा घाट्यावर आला की बाबा दुसऱ्यांच्या मळ्यात मजुरीनं जागलीला जायचे. अंगावर घोंगडी, हातात बॅटरी आणि रानडुकरं, रोही हाकलायला टिनाचा डबा. ज्यांच्या मळ्यात ते जागायचे, त्यांची मुलगी माझ्याच बाकावर बसायची. तिला सगळं माहीत होतं. ती माझ्याकडे बघून गप्प राहिली आणि नंतरही कधी कुणाला बोलली नाही. ती आज समोर बसली आहे. बाई गं, तीस वर्षं उशिरा, पण तुझे आभार.

दहावीला सरांनी शाळेतच रात्रीची अभ्यासिका चालवली. लाइट गेली की कंदील लावायचे. आम्ही पुस्तकावर डोकं टेकायचो, सर मात्र दाराशी खुर्ची टाकून जागे. गणित तेव्हा सुटलं, ‘देसवेलारसे’चा अर्थ आत्ता कळला.

मागच्या दिवाळीत बाबा मध्यरात्री उठले. मी लॅपटॉपसमोर. म्हणाले, “झोपत काऊन नाहीस?” मी सांगितलं, रात्रभर सिस्टिमवर लक्ष ठेवायचं असतं, बिघाड घुसला की लगेच हाकलायचा. थोडा विचार करून म्हणाले, “मंग तुही बी जागलच हाय ना पोरी.”

नववीत जो शब्द मी लपवला, तोच बाबांनी मला पदवीसारखा दिला. माझ्या इंजिनिअरिंगच्या फीमध्ये त्या जागलीचे पैसे होते, हे आज या शाळेतच सांगायचं होतं.

आजही शेतीपंपाची वीज पुष्कळदा रात्रीच मिळते. कितीतरी मुलांचे आईवडील रात्री पाणी द्यायला शेतात असतात आणि मुलं घरी एकटी. अभ्यासिका पुन्हा सुरू व्हावी, असं मला वाटतं. इन्व्हर्टर आणि दिव्यांचा खर्च मी उचलते. गावात राहणाऱ्यांनी आठवड्यातली एकेक रात्र वाटून घ्यावी.

कोजागरीला लक्ष्मी विचारते म्हणतात, कोण जागं आहे? दहावीच्या पोरांनीही कधी विचारलं, तर आपल्यातलं कुणीतरी दाराशी असावं.