परदेशची नोकरी आणि घरचा एकांतवास

नोकरी म्हणजे घर सोडून जाणें, अशी मुंबईकराची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत होती. कोंकणांतला चाकरमानी गिरणीच्या कामास येई, तो बायकामुलांस गांवीं ठेवून. परंतु लालबाग-परळकडे त्याच्या गांवकीची खोली असे. एकाच गांवचे अनेकजण तेथें पाळीपाळीनें निजत, एकाच खानावळींत जेवत आणि भजनासहि एकत्र बसत. तो घरापासून दूर होता, पण माणसांपासून दूर नव्हता. आज अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांत नेमका उलट प्रकार दिसूं लागला आहे. तरुण मनुष्य दिवसरात्र घरांत असतो, त्याचा पगार न्यूयॉर्कहून किंवा लंडनहून येतो, आणि माणसांशीं मात्र त्याची गांठ पडत नाहीं.

२०२० च्या मार्च महिन्यांत टाळेबंदी आली, लोकल गाड्या थांबल्या आणि घरीं बसून संगणकावर काम करण्याची रीत एकाएकीं रूढ झाली. पुढें टाळेबंदी उठली, गाड्या पुन्हा भरूं लागल्या. परंतु कित्येकांना परतावयास कचेरीच उरली नाहीं. कारण आतां त्यांची कचेरी या देशांतच नाहीं.

या एकाकीपणाचें पहिलें कारण घड्याळ होय. १ जानेवारी १९०६ रोजीं भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली, तेव्हां मुंबईची स्थानिक वेळ तिच्याहून अवघी ३९ मिनिटें मागें होती. तेवढ्या अंतराकरितां शहरांत वाद माजला, आणि मुंबईची वेळ १९५५ पर्यंत टिकून राहिली. आज न्यूयॉर्कच्या मंडळींबरोबर काम करणारा मुलुंडचा तरुण हिंवाळ्यांत साडेदहा तासांचें अंतर निमूटपणें सोसतो. तेथें सकाळचे नऊ म्हणजे येथें सायंकाळचे साडेसात, आणि तेथील सायंकाळचे पांच म्हणजे येथील पहाटेचे साडेतीन. शेजारी कामावरून परततात तेव्हां हा कामास बसतो. ते निघतात तेव्हां हा निजलेला असतो. गणपतीच्या आरतीची वेळ तीच त्याच्या बैठकीची वेळ. अमेरिकेंतील सणाची सुटी त्याला मिळते, पण त्या दिवशीं येथील सारे सोबती कामावर गेलेले असतात.

दुसरें कारण सहसा ध्यानांत येत नाहीं. नोकरींत जी सोबत मिळे, ती प्रत्यक्ष कामांतून थोडी आणि कामाच्या आगेमागें अधिक मिळे. ठरलेल्या लोकलचा ठरलेला डबा, त्यांतील भजनी मंडळ, तिघांनीं सरकून चौथ्याला दिलेली जागा, दसऱ्याच्या सुमारास डब्याला बांधलेलीं तोरणें, दुपारीं वांटून खाल्लेली भाजी, टपरीवरचा चहा. यांपैकीं एकाहि गोष्टीची नोंद नेमणूकपत्रांत नसते. म्हणून त्या गेल्या तेव्हां कांहीं हरपलें असें कोणास वाटलें नाहीं. पडद्यावरील बैठक कामापुरती भरते आणि काम संपतांच मिटते. दोन दिवसांचा ताप अंगावर काढला तरी पलीकडच्यांस पत्ता लागत नाहीं. भिंतीअलीकडे घरचीं माणसें, “हळू बोला, त्याची बैठक चालली आहे,” म्हणून कुजबुजत वावरतात, आणि ताट झांकून ठेवतात. “तो तर घरींच असतो,” या समाधानांत त्याचें गप्प होत जाणें नजरेआड होतें.

एकांत मनुष्य स्वतः निवडतो व हवा तेव्हां सोडतो. एकाकीपणा न बोलावतां येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ मधील अहवालानुसार जगांत दर सहा माणसांपैकीं एकास त्याची बाधा आहे, आणि हृदयविकार, पक्षाघात व औदासीन्य यांचा धोका त्यानें वाढतो. तेव्हां यास नाजूक मनाचे लाड समजून चालणार नाहीं.

उपाय साधे आहेत, पण ते नेमानें करावयास हवेत. कामास बसण्यापूर्वीं घराबाहेरचा एक तास ठरवावा. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानांत रोज एकाच वेळीं फिरावयास जाणाऱ्यास थोड्याच दिवसांत चेहरे ओळखीचे होतात. दुसरें, आपण न गेल्यास कोणी तरी चौकशी करील, असें एखादें काम अंगावर घ्यावें. पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ १९२३ पासून उभा आहे. मुलुंडास महाराष्ट्र सेवा संघ आहे. अशा संस्थेंत श्रोता म्हणून जाणें चांगलें, परंतु खुर्च्या मांडावयास जाणें अधिक चांगलें. तिसरें, परदेशच्या सहकाऱ्यांस स्पष्ट सांगावें कीं, बैठकीची गैरसोयीची वेळ आलटून पालटून सर्वांनीं वांटून घ्यावी, आणि गणेशचतुर्थीस व दिवाळीस सुटी मिळावी. पुष्कळदां ही अडचण त्यांना कोणी सांगितलेलीच नसते.

मन फारच खचलें, झोप उडाली, तर वैद्याकडे जाण्यास संकोच करूं नये. भारत सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा २०२२ मध्यें सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर ती विनामूल्य व अहोरात्र मिळते. पहाटे साडेतीनला काम आटोपणाऱ्यासहि ती उघडी असते.

घरच्यांनींहि एवढें करावें: दिवसांतलें एक जेवण त्याच्या वेळेप्रमाणें सर्वांनीं मिळून घ्यावें, मग तें दुपारचें असो वा सायंकाळीं सहाचें, आणि त्या वेळीं कामाची चौकशी न करतां इकडच्या तिकडच्या गोष्टी कराव्या. लोकलच्या डब्यांत तरी दुसरें काय होत असे?