खरडपट्टी आणि कानउघाडणी



शाळेत आपण सर्वांत जास्त काय खाल्लं असेल, तर बोलणी! त्यासाठी मराठीत शब्द तरी किती: खरडपट्टी, हजेरी, झाडाझडती, बिनपाण्यानं करणं. खरडपट्टीत खरडणं आहे, करपलेलं पातेलं खरडतात तसं. बिनपाण्यानं म्हणजे पाणी न लावता केलेली हजामत. दोन्हींत सोलवटणं आलंच. कानउघाडणी मात्र वेगळी. तिच्यानंतर समोरच्याला नीट ऐकू यायला हवं.

हा फरक मला चाळिशीत कळला. माझ्या टीममधल्या एका नवख्या मुलाच्या चुकीनं रात्री सिस्टिम बंद पडली. सकाळी मीटिंगमध्ये मी सगळ्यांदेखत त्याची खरडपट्टी काढली. पुढच्या महिन्यात दुसरी एक चूक त्याला वेळेत दिसली होती. पण माझ्या भीतीनं तो बोललाच नाही. पुन्हा रात्रभर जागलो.

तेव्हा नववीतले आपले गणिताचे सर आठवले. मी मैत्रिणीच्या वहीतलं उत्तर उतरवलं होतं. सर वर्गात काही बोलले नाहीत. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात बोलावून म्हणाले, "उत्तर बरोबर आहे, पण तुझं नाही. उद्या तुझं आण." मी रडले. दुसऱ्या दिवशी चुकलेलं, पण माझं उत्तर घेऊन गेले.

त्या मुलाची मी माफी मागितली. आता चूक दाखवायची, तर बाजूला घेऊनच.

सर, तुम्ही आज समोर बसला आहात. आपल्याला उशिरा कळलं, पण कळलं.