पायवाट मोडू नये म्हणून

(मंडळाच्या श्रावणातील स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



"इंग्लंडला जाऊन आलात ना? मग पंधरा मिनिटे बोला," असे अध्यक्षांनी फर्मावले, म्हणून आम्ही उभे आहोत. आम्ही म्हणजे आम्ही उभयता. बोलायला एकच जण उभा असला तरी प्रवास दोघांचा, खर्च दोघांचा, आणि शेवटी जी चूक कबूल करणार आहोत तीही दोघांची. तेव्हा 'आम्ही' असेच म्हणू. आम्ही काही वक्ते नव्हे. एकाची नोकरी राज्य सरकारात जमीनमोजणीची, दुसरीची शाळेच्या ऑफिसात. चूकभूल द्यावी घ्यावी.

आम्ही दोघेही पणजीला आल्तिनोवरच्या सरकारी तंत्रनिकेतनात एकाच वर्गात होतो. 1999 साली पदविका घेऊन बाहेर पडलो. आमच्या वर्गात नावाने हाक मारायची पद्धतच नव्हती. गाव हेच नाव. आमच्या सौभाग्यवती 'पेडणें', एक 'म्हापसा', एक 'दिवाडी'. सर्वणचे मात्र दोघे होते, म्हणून एक 'लांब सर्वण' आणि एक 'आखूड सर्वण'. आखूड कोण, ते तुम्हाला समोर दिसतेच आहे.

लांब सर्वण आमचा शाळेपासूनचा सोबती. सकाळी डिचोलीला पणजीची कदंब बस पकडायला दोघे एकत्र निघायचो. आमच्या घरापासून त्याच्या घरापर्यंत भाटातून, शेताच्या बांधावरून दहा मिनिटांची पायवाट. त्या वाटेने किती वेळा गेलो असू याला हिशेब नाही. पुढे तो खाणीवर सर्व्हेअर झाला, आम्ही सरकारात चिकटलो. त्या काळी त्याचा पगार आमच्यापेक्षा जास्त होता हे आज सांगायला हरकत नाही. सप्टेंबर 2012 मध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्या. डिचोली तालुक्यात त्या बंदीने काय केले हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. ट्रक दारात उभे, हप्ते डोक्यावर. दोन वर्षे त्याने वाट पाहिली. वडिलांचा जन्म 1961 च्या आधीचा, पोर्तुगीज अमदानीतला. त्या जोरावर लिस्बनला नोंदणी करून त्याने पोर्तुगीज पासपोर्ट घेतला आणि 2014 मध्ये इंग्लंडमधल्या स्विंडनला गेला. एका गोदामात रात्रपाळी धरली. आज तिथेच फोर्कलिफ्ट चालवतो.

यंदा आमच्या बॅचला पंचवीस वर्षे झाली. "तुम्ही या, बाकीच्यांना मी गोळा करतो," असा त्याचा आग्रह. लोकसभेचे मतदान 7 मे रोजी झाले, निकाल लागला, आमची इलेक्शन ड्युटी संपली. खात्याची परवानगी मिळाली, व्हिसा मिळाला, आणि जूनच्या मध्यावर मोपाहून थेट लंडनच्या गॅटविकला जाणारे विमान पकडले. बॅगेत सोलं, उकडे तांदूळ, फणसाची साठं. दुधाचे पदार्थ तिकडे नेता येत नाहीत, म्हणून पेढे राहिले.

लंडनचे वर्णन तुम्ही पुष्कळ ऐकले आहे, ते सोडतो. स्विंडन हे विल्टशायरमधले शहर. दिसायला साधे, पण आम्हाला ते ओळखीचे वाटले. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा कारखाना तिथे 1843 मध्ये सुरू झाला. ऐन भरात 14,000 च्या आसपास माणसे तिथे कामाला होती. 1986 मध्ये तो बंद झाला. आज त्याच दगडी इमारतींत बाजार आहे, एक रेल्वेचे संग्रहालय आहे. तिथे जुन्या कामगारांच्या गोष्टी वाचताना लांब सर्वण म्हणाला, "डिचोली आणि हे गाव, दोघांचे नशीब एकच. फक्त यांनी आपल्या बंद कारखान्याचे संग्रहालय केले."

स्विंडनच्या उत्तरेला कॉट्सवोल्ड्सचा डोंगराळ मुलूख. मधाच्या रंगाच्या दगडाची घरे, मेंढ्या, स्वच्छ ओढे. बायबरी गावातली आर्लिंग्टन रो ही घरांची ओळ मुळात 1380 च्या सुमाराची लोकरीची कोठी. सुंदर आहे, पण आमच्यासारख्या फोटो काढणाऱ्यांचीच इतकी गर्दी की कळंगुटची आठवण झाली. आम्हाला खरे खेड्यातले इंग्लंड दिसले ते पूर्वेला, बिशपस्टोन नावाच्या लहानशा गावातून चालत निघालो तेव्हा.

गावाच्या कडेला एक खांब, त्यावर 'सार्वजनिक पायवाट' अशी पाटी आणि पिवळा बाण. बाणाच्या दिशेने पाहिले तर समोर कुणाचे तरी गव्हाचे शेत. आम्ही थबकलो. दुसऱ्याच्या शेतात शिरायचे कसे? लांब सर्वण पुढे जाऊन ओरडला, "कितें रे आखूड, फाटीं उरलो?" पाहतो तर उभ्या पिकातून माणसाला चालता येईल एवढी मोकळी पट्टी सरळ पलीकडे गेलेली.

आता मोजणीवाल्याच्या स्वभावाप्रमाणे आम्ही चौकशी केली. शेताची मालकी शेतकऱ्याचीच, पण त्यावरून चालायचा हक्क सगळ्यांचा. त्याने शेत नांगरले तर चौदा दिवसांत वाट पुन्हा करून द्यायची, निदान एक मीटर रुंद. पीक त्या वाटेवर वाढू द्यायचे नाही. या वाटांचा अधिकृत नकाशा स्थानिक कौन्सिलकडे असतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून असे हक्काचे रस्ते सुमारे 2,25,000 किलोमीटर भरतात. लोक वीस वर्षे उघडपणे, कुणाची परवानगी न मागता आणि कुणी न अडवता एखाद्या वाटेने चालत आले, तर ती सार्वजनिक मानावी, असे तिथला 1980 चा कायदा सांगतो.

हे त्यांना आयते मिळालेले नाही. 24 एप्रिल 1932 रोजी मँचेस्टरकडचे शेकडो तरुण कामगार किंडर स्काउट या जमीनदारांच्या डोंगरावर मुद्दाम चढून गेले. त्यांतले पाच जण तुरुंगात गेले. कायदा आला तो 1949 मध्ये. आजही तिथे अशा संस्था आहेत, ज्यांची माणसे रविवारी जुन्या वाटांनी चालतात, कुठे फाटक मोडले, कुठे झुडूप माजले, ते कौन्सिलला कळवतात.

शेत ओलांडून आम्ही टेकडीवरच्या रिजवेला लागलो. ब्रिटनमधली सर्वांत जुनी वाट म्हणून तिची ख्याती. वाटेत वेलंड्स स्मिदी नावाचे हजारो वर्षांपूर्वीचे दगडी थडगे लागते. घोडा आणि एक नाणे तिथे ठेवून गेले तर अदृश्य लोहार नाल मारून ठेवतो, अशी दंतकथा. लांब सर्वणने चपला काढून हात जोडले. म्हणाला, "राखणदार सगळीकडे सारखाच."

पुढे अफिंग्टनचा पांढरा घोडा. हिरव्या डोंगरउतारावर चर खणून, त्यात पांढरी खडूची माती भरून काढलेली घोड्याची आकृती, सुमारे 110 मीटर लांब, वय जवळजवळ 3,000 वर्षे. जवळून नीट दिसत नाही, खालच्या खोऱ्यातून दिसते. आम्हाला त्या आकृतीपेक्षा तिच्या निगराणीचे नवल वाटले. दर काही वर्षांनी तिथले लोक गवत उपटतात, नवीन खडू हातोड्यांनी ठोकून बसवतात. काही दशके हयगय केली असती तर घोडा गवताखाली केव्हाच गेला असता. कोणत्या देवासाठी काढला हे आज कुणालाही ठाऊक नाही, तरी साफसफाई चुकलेली नाही.

त्या शनिवारी संध्याकाळी 'म्हापसा' साऊथॉलहून आणि 'दिवाडी' लेस्टरहून सहकुटुंब आले. पंचवीस वर्षांनी भेटलेली माणसे पहिली पाच मिनिटे एकमेकांच्या टकलांवर आणि पोटांवर बोलतात, तसे झाले. मग सुंगटांचे हुमण, आमच्या सोलांची कढी, उकड्या तांदळाचा भात. रात्री साडेनऊपर्यंत उजेड. परसात बसून सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला हरवलेली साखळी, वसतिगृहातली पातळ डाळ, सगळे निघाले. पोटभर हसलो.

तेव्हा तिकडेही निवडणूक जवळ आली होती, 4 जुलैची. घरात मतदानाचे कार्ड आले होते, पण ते वहिनींच्या नावाने. वहिनींनी भारतीय पासपोर्ट सोडलेला नाही. राष्ट्रकुलातल्या देशांचे नागरिक तिथे राहत असतील तर त्यांना पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देता येते. पोर्तुगीज नागरिकाला येत नाही, त्याला फक्त कौन्सिलपुरते मत. लांब सर्वण ते कार्ड हातात धरून म्हणाला, "पाहा, भारतीय राहिलो असतो तर इथे मत दिले असते. पोर्तुगीज झालो, इथलेही गेले, सर्वणचेही गेले." आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, दुसरा पासपोर्ट घेतला की पहिले संपले. ओसीआय कार्डावर तो कधीही घरी येऊ शकतो, पण पंचायतीला मत नाही. सगळे हसले, तोही हसला. मग बराच वेळ कुणी बोलले नाही.

थोड्या वेळाने त्याने सहज विचारावे तसे विचारले, "आमच्या घराकडची पायवाट आहे ना रे अजून?"

मंडळी, आमच्याकडे उत्तर नव्हते.

त्याचे वडील मे 2021 मध्ये गेले. गोव्यातले ते दिवस आठवा. ब्रिटनने भारताला लाल यादीत घातले होते. त्याला येता आले नाही, अंत्यसंस्कार त्याने फोनवर पाहिले. आम्ही दोघे स्वतः आजारी, घरात बंद. हे कारण खरे होते, पण ते तीन आठवड्यांपुरते. त्यानंतर आई लेकीकडे साखळीला गेली, घराला कुलूप लागले, आणि आम्ही त्या बाजूला गेलोच नाही. तीन वर्षे. दहा मिनिटांची वाट आम्हाला जमली नाही, आणि त्याला भेटायला साडेसात हजार किलोमीटर गेलो होतो. व्हॉट्सॲपवर रोज 'शुभ सकाळ' पाठवत होतो, त्यामुळे मैत्री चालू आहे असेच वाटत होते.

आम्ही खरे ते सांगितले. "माहीत नाही. गेल्यावर बघतो." तो रागावला नाही. रागावला असता तर बरे वाटले असते.

परत आलो तेव्हा पाऊस लागला होता. जुलैतल्या एका रविवारी कोयता घेऊन दोघे निघालो. निघण्यापूर्वी सर्व्हेचा नकाशा पाहिला, शेवटी धंदाच तो. नकाशावर ती वाट तुटक रेषेने व्यवस्थित होती. जमिनीवर अर्धी उरली होती. शंभर पावलांवरच टाकळा आणि झुडुपे कमरेइतकी. टाकळा भाजीला कोवळा होता म्हणून सौभाग्यवतींनी तो ओटीत भरला, बाकीचे कोयत्याने तोडले. निम्म्या अंतरावर तारेचे कुंपण आडवे आले. जागा नव्या माणसाने घेतलेली. त्याला जाऊन भेटलो. तो म्हणाला, "मी दोन वर्षे बघतोय, एक माणूस इथून गेलेला नाही. वाट आहे हे मला कळणार कसे?"

आम्ही नकाशाची गोष्ट काढणार होतो. काढली नाही, कारण माणूस खोटे बोलत नव्हता. चालणारे आम्ही, आणि चाललो नव्हतो. त्याला सगळी हकीकत सांगितली, त्याने चहा दिला. चवथीपर्यंत कुंपणात माणूस जाईल एवढी फट ठेवतो म्हणाला. पुढचे पुढे बघू. ठेवली आहे. दर रविवारी आम्ही त्या फटीतून जाऊन घराभोवती एक फेरी मारून येतो. पडवीची दोन कौले सरकली होती, ती बसवून घेतली. साखळीला जाऊन आईंनाही भेटलो. त्यांनी पहिला प्रश्न केला, "इतके दिवस खंय आशिल्लीं रे?"

तुमच्यापैकी पुष्कळांची घराणी सावंतवाडी, बेळगाव, कोल्हापूर, पुण्याहून येऊन गोव्यात स्थिरावली, त्याला दोन-तीन पिढ्या झाल्या. तुमचेही मूळ गावी कुलूप लावलेले एखादे घर असेल, तिकडे जाणारी वाट असेल, आणि ती वाट ठाऊक असलेला एखादा म्हातारा शेजारी असेल. तुम्ही काय करावे हे सांगायचा आम्हाला अधिकार नाही. आमचे काय झाले एवढेच सांगितले.

लांब सर्वणने तिकीट काढले आहे. चवथ 7 सप्टेंबरला, तो दोन दिवस आधी पोहोचतो. दहा वर्षांनी त्याच्या घरात गणपती त्याच्या हातून बसेल. माटोळीचे चिबूड, तोरिंजन, सुपारीचे घोस गोळा करायचे काम आमच्याकडे. ते सामान आम्ही गाडीने मोठ्या रस्त्याने नेणार नाही. डोक्यावर घेऊन पायवाटेनेच नेणार आहोत. दहा-बारा माणसे बरोबर आली तर वाट चांगली मळेल. ज्यांना सवड असेल त्यांनी सकाळी सातला आमच्या दारात यावे. चहा आमच्याकडे, नेवऱ्या त्याच्या घरी.

 

गणपती बाप्पा मोरया!